चिंचेखालचा पत्ता

दिवाळी अंकासाठी हिंगोलीच्या इतिहासावर काही लिहा, असं पत्र आलं तेव्हा मी आधी नाही म्हणून कळवलं. इतिहासाला कागदपत्रं लागतात. माझ्याकडे दोन नस्तरं आणि पाठ फाटलेली काही रजिस्टरं यापलीकडे काही नाही. मग विचार केला की या गावातल्या निम्म्या लोकांचे दंड मी पाहिले आहेत. कुठल्या घरात कुठल्या बोळातून शिरायचं आणि आत गेल्यावर आधी कुणाशी बोलायचं, हे मला कचेरीतल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त ठाऊक होतं. तेवढंच लिहिते. राजे, सुभेदार आणि सनावळ्या दुसऱ्या कुणाकडून घ्याव्यात.

मी देवी टोचणारी बाई. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. माझं लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं आणखी काही नाही. परत माहेरी आले तेव्हा दवाखान्याला एक बाई हवी होती, कारण पडद्याच्या घरांतून पुरुष टोचणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. वडिलांनी घरीच उर्दू शिकवलेली होती. एकोणीसशे तीसनंतरच्या दशकाच्या मध्याला मी कामावर लागले आणि निजामाचं राज्य संपल्यावरही तेच काम करत राहिले.

गावाची गोष्ट नवख्याला थोडी समजून सांगावी लागेल. हिंगोली वाढली ती छावणीमुळे. निजामाच्या राज्यातली फौज इथे राहायची. माझ्या जन्माआधीच ती उठून गेली, पण जाताना नावं नेली नाहीत. घोडदळ होतं तो रिसाला, पायदळ होतं ती पलटण, तोफा होत्या तो तोफखाना. घरांना नंबर नव्हते. माझ्या रजिस्टरात पत्ते असे असत: ‘पलटण, तबेल्यामागे’. त्या तबेल्यात तीस वर्षांत घोडा उभा राहिला नव्हता, तिथे एक माणूस कडबा भरायचा. तरी पत्ता तबेल्यामागे. ‘तोफखाना, पडक्या भिंतीला लागून’. भिंत कधीच पडून गेली होती, तिचे दगड लोकांनी न्हाणीघराला वापरले होते. मी नवी होते तेव्हा अशी भिंत शोधत तासभर फिरले आहे. पुढे कळलं की पत्ता डोळ्यांनी शोधायचा नसतो, विचारायचा असतो.

रेल्वे तेव्हा हिंगोलीला येऊन संपत असे. पूर्णेहून गाडी यायची आणि इथूनच परत फिरायची. पुढचं सगळं बैलगाडीनं. त्यामुळे जे काही रेल्वेनं यायचं ते आमच्याकडेच उतरायचं. मीठ, कापड, दसऱ्याच्या जत्रेचे तमासगीर, आणि देवीचा रोगही.

माझी लस हैदराबादेहून याच गाडीनं यायची. लाकडी डब्यात भुसा आणि भुशात काचेच्या नळ्या, काडीहून बारीक. एका नळीत पाच-सहा लेकरांपुरतं औषध. दंड धुवायचा, नळीतला थेंब ठेवायचा, त्यावरून नस्तरानं कातडी खरवडायची, रक्त येऊ द्यायचं नाही. मग आठव्या दिवशी परत त्या घरी जायचं. टपोरी पुळी आलेली दिसली की रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात ‘कामयाब’ लिहायचं. काहीच उठलं नसेल तर ‘नाकाम’, आणि पुन्हा टोचायचं. ही लस जिवंत असते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. उन्हात राहिली की मरते. आणि मेलेली लस जिवंत लशीसारखीच दिसते. तेच पाणी, तोच रंग. फरक फक्त आठव्या दिवशी कळतो.

टोचून घ्यायला कुणी आनंदानं पुढे येत नसे. शेजारच्या नरसी गावात माझी बैलगाडी ओढ्याच्या चढावर दिसली की बाया लेकरं कडब्याच्या गंजीत लपवायच्या. मग लेकरू शिंकायचं. एका म्हातारीनं मला उभ्याउभ्या विचारलं होतं, “देवीला आवतन तुमीच देता, आन् मंग म्हणता येऊ नको. ती काहून ऐकंल तुमचं?” मी तिच्या तीन नाती टोचल्या आणि निघाले. वाद घालणाऱ्या बायका मला परवडायच्या. गप्प बसून दार लावणाऱ्या नाही.

रिसाल्यातल्या जमादारीणबीबी पहिल्या प्रकारातल्या. सासरा घोडदळात जमादार होता, एवढ्यावर त्या घराचा मान चाललेला. फौज गेली, घोडे गेले, सासरा आणि नवराही गेले, बीबी राहिल्या. अंगणात खाट टाकून बसायच्या आणि सगळा रिसाला तिथून चालवायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाल्या, “पहले अपने कू लगा लेव, टीकेवाली. फिर हमारे बच्चों कू हात लगाना.” मी बाही वर केली आणि त्यांच्यासमोर स्वतःला टोचून घेतलं. त्या दिवसापासून रिसाल्यातलं एकही दार मला बंद झालं नाही. बीबींनी हो म्हटलं की झालं.

आता लस ठेवायची कुठे, हा प्रश्न. बर्फ आमच्या गावानं पाहिलेला नव्हता. दवाखान्याची खोली पत्र्याची. वडिलांनीच जागा दाखवून ठेवली होती, रिसाल्याची बारव. घोड्यांना पाणी पाजायला फौजेनं बांधलेली, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. चौथ्या टप्प्यावर भिंतीत एक कोनाडा होता. मातीच्या मडक्यात नळ्यांचा डबा, मडक्याला ओलं फडकं, आणि मडकं कोनाड्यात. भर उन्हाळ्यातही तिथे हात घातला की गार लागायचं. बारवेची राखण चाँदचाचा भिस्ती करायचे. पाण्याची कातडी पखाल भरायला दिवसातून दोनदा उतरायचे आणि फडकं भिजवून जायचे. मी सकाळी लवकर जाऊन त्या दिवसापुरत्या नळ्या काढून आणायची. हा आमचा नेम कैक वर्षं चालला आणि माझा कामयाबीचा रकाना चांगला भरलेला असे. मला त्याचा गर्व होता. तो नसता तर पुढचं घडलं नसतं.

बारवेच्या दक्षिण काठावर एक प्रचंड चिंच होती. तीही फौजेनंच लावलेली, घोड्यांना सावलीसाठी, असं म्हणत. तिच्याखाली पाथरवटांची दोन-तीन पालं पडलेली असायची. त्यातली गोदा मला आवडायची. जात्याला टाकी लावायचं काम करायची. जातं वर्ष-दोन वर्षांत गुळगुळीत होतं, पीठ पाडत नाही, मग त्याच्या तळी छिन्नीनं बारीक खड्डे पाडावे लागतात. गोदा हातोडी-छिन्नी घेऊन गावोगाव हिंडायची आणि परत चिंचेखाली यायची. नवरा दगड फोडायला कुठे कुठे जायचा. तिची पोरगी सोनी त्या वर्षी दहा महिन्यांची होती.

हे दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांतलं. लाकडाला तेव्हा मोठी मागणी आली होती. माघात एका ठेकेदाराची माणसं आली आणि चार दिवसांत चिंच आडवी केली. गावात हळहळ झाली, पण कुणी आडवं गेलं नाही, मीही नाही. बुंधा तेवढा राहिला, चार माणसं बसतील एवढा. चाँदचाचा म्हणाले, “मेरे दादा ने इसकू पानी डाल्या था, बेटी. अब क्या, बुंधे कू डालूँ?” आणि ते पखाल घेऊन खाली उतरले. मी माझं मडकं पाहिलं, फडकं ओलं होतं, हात घातला तर गार. सकाळची वेळ होती.

फाल्गुन लागताच एक डबा आला, नेहमीपेक्षा उशिरानं. हंगाम संपत आलेला. ऊन तापायच्या आत लस वापरून टाकायची म्हणून मी आठ दिवसांत एकेचाळीस लेकरं टोचली. रिसाला, पलटण, पेठेचा थोडा भाग. शेवटी चिंचेखालची. म्हणजे बुंध्याखालची म्हणायला हवं. गोदाचं पाल अजून तिथेच होतं, उन्हात.

“टोचा, बाई,” ती म्हणाली. “आमी दगडाला टाकी लावतो, तुमी लेकराला लावता. काम एकच हाय.”

“दगड रडत नाही.”

“तुमाला ऐकू येत न्हाई.”

मी सोनीला टोचलं आणि पत्ता लिहिला: ‘रिसाला, बारवेजवळ, चिंचेखाली’. झाड नव्हतं. हाताला सवय होती.

आठव्या दिवसाची फेरी मी केली नाही. हे सरळ सांगून टाकते. शिमगा आला होता, वर्षाचा तक्ता जिल्ह्याला जायचा होता, डॉक्टरसाहेब रोज विचारत होते. वाटेत भेटलेल्या बायका स्वतः होऊन सांगत होत्या. “या खेपेला हात लई हलका लागला बाई तुमचा. ना ताप, ना फोड. पोरगं हसत खेळत हाय.” दोन घरच्या बायांनी मला खारीक-खोबरं दिलं. फोड आला नाही म्हणजे लस लागली नाही, हे मी नव्हे तर कुणी ओळखायचं? पण सात वर्षं कौतुक मिळालेल्या माणसाला आणखी एक कौतुक सहज पचतं. मी एका दुपारी बसले आणि एकेचाळीस ओळींपुढे ‘कामयाब’ लिहून टाकलं. तक्ता जिल्ह्याला गेला.

चैत्रात स्टेशनाजवळच्या एका गाडीवानाच्या घरी देवी आल्या. दाराला कडुनिंब लागला, घरात फोडणी बंद झाली, म्हणजे ओळखायचं. दुसऱ्या आठवड्यात पेठेत आणखी दोन घरांना निंब लागला. मी निर्धास्त होते. माझी लेकरं टोचलेली होती.

अशात जमादारीणबीबींनी बोलावणं पाठवलं. मी गेले तर धाकटी नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिची बाही वर सरकवली आणि म्हणाल्या, “निशान किधर है?”

दंड गुळगुळीत होता. ओरखडाही राहिलेला नव्हता.

“बाजूवालियाँ बोलते, टीकेवाली का हात हलका हो गया. मैं बोली, हात हलका नई हुआ, दवा हलकी हुई होंगी. अब तू बोल.”

मी उठले. पलटणीत गेले, तीन घरचे दंड पाहिले. तिन्ही गुळगुळीत. ऊन डोक्यावर आलं होतं. तशीच बारवेवर गेले आणि चार टप्पे उतरले.

इतक्या वर्षांत मी भर दुपारी त्या कोनाड्याशी कधी गेले नव्हते. माझी वेळ सकाळची. चाँदचाचांची सकाळ-संध्याकाळ. कोनाडा उत्तरेच्या भिंतीत होता, आणि दक्षिणेकडून येणारं ऊन आजवर चिंच अडवत होती. आता ते सरळ कोनाड्यात पडलं होतं. फडकं वाळून मडक्याला चिकटलेलं. मडक्याला हात लावला आणि काढून घेतला. शेजारचा दगड तापलेला होता. संध्याकाळी चाचा फडकं भिजवायचे, रात्रीतून सगळं गार व्हायचं, आणि सकाळी मी हात घालून समाधान मानायची. बारव गार असते, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मीही त्या सगळ्यांतलीच. ती गार कशानं होती, हे कुणी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते भले माणूस होते, पण घाबरट. त्यांनी त्याच दिवशी नव्या डब्यासाठी तार केली. मग दार लोटून घेऊन म्हणाले, “तक्ता वर गेलाय. त्यात कामयाब आहे. साथ आलीय म्हणून सगळ्यांना दुसऱ्यांदा टोचतो आहोत, एवढंच सांगा. जास्त बोलू नका.”

मला ते सोयीचं वाटलं. डबा आला, तो मी घरी आणला आणि आमच्या विहिरीत पाण्याच्या वर हातभर दोरीनं सोडून ठेवला. मग पेठेतून सुरुवात केली. पहिल्या घरी म्हणाले, एकदा टोचलंय. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरातली सासू दारात आडवी उभी राहिली.

“गावात देवी बसल्यात आन् तुमी त्यान्ला डिवचाया आलाव व्हय? एकदा टोचलं, बराबर टोचलं. तुमीच लिवून नेलं न्हवं?”

मीच लिहून नेलं होतं. सकाळभर फिरून एकही लेकरू टोचलं गेलं नाही. दुपारी मी रिसाल्यात बीबींच्या अंगणात जाऊन बसले आणि साथीचं सांगायला लागले. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

“झूट बोलने वाली का हात हमारे घर कू नको.”

तेव्हा मी सगळं सांगितलं. चिंच, कोनाडा, ऊन, न केलेली फेरी, एका दुपारी भरलेला रकाना. बीबी ऐकत पानाला चुना लावत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ये बात पहले घर में बोलना था ना? आधा दिन खराब करी.” नातीची बाही वर केली. मग सुनेला सांगून टांगा मागवला, टांग्याला चादर बांधली आणि त्यात बसून माझ्याबरोबर रिसाल्यातल्या दारोदार आल्या. प्रत्येक दारात त्यांचं एकच वाक्य. “टीकेवाली से गलती हुई है, वो खुद बोलती, सुन लेव.” मग मी सांगायची. टोचण्यापेक्षा ते सांगायला जास्त वेळ लागायचा. काही बायांनी शिव्या दिल्या. एकीनं खारीक-खोबरं परत मागितलं, थट्टेनं नव्हे. पण लेकरं पुढे केली. खोटं सांगितल्यावर बंद झालेली दारं खरं सांगितल्यावर उघडली, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटलं होतं. पेठेतल्या त्या सासूनंही उघडलं. म्हणाली, “आता बोल्लाव ना चुकलं म्हणून. मंग टोचा.”

पाच दिवसांत चाळीस झाली. आठव्या दिवशी मी एकूण एक घर पाहिलं. पुळ्या टपोऱ्या होत्या. दोन लेकरांना त्याआधीच लागण झालेली होती, त्यांचं थोडक्यात निभावलं.

एकेचाळिसावी सोनी. बुंध्याजवळ पाल नव्हतं, तीन दगडांची काळी चूल होती.

“धूप में कौन रहता बेटी,” चाँदचाचा म्हणाले. “झाड था तो लोगाँ थे. होली के बाद चले गए. नरसी की तरफ गए होंगे.”

भटक्या माणसाला शोधायचं कसं, हे मला माहीत नव्हतं. पण गोदाचं काम माहीत होतं. जात्याला नवी टाकी लावली की पहिले काही दिवस पिठात कच येते, भाकरी दाताखाली कचकचते. मी दवाखान्यातून चार दिवसांची रजा घेतली, लशीचं मडकं भिजल्या गोणपाटात गुंडाळलं आणि गाडीनं नरसीला गेले. देवळाजवळच्या दुकानात बायांना विचारलं, भाकरीत कच कुणाच्या येते? त्या हसायला लागल्या. मग एक म्हणाली, “आमच्या येती की. पंधरा दिस झाले, टाकीवाली येऊन गेली. कडंवर लेकरू हुतं.” जातं पाहिलं, खड्डे अजून उठून दिसत होते. तिथून ती पुसेगावच्या वाटेला लागली होती.

पुसेगावात तिसऱ्या घरी भाकरी खाल्ली. चांगली कचकचली. घरधनीण ओशाळली. मी म्हटलं, “असू द्या, हीच पाहिजे होती. टाकीवाली कधी येऊन गेली?”

“परवाच्या दिशी. तिचा नवरा आला हुता न्यायला. रिसोडाकडं दगडाचं काम निघालंय म्हणला.”

रिसोड म्हणजे वऱ्हाड. हद्द ओलांडली की राज्य वेगळं, दवाखाना वेगळा. माझ्या हातातल्या मडक्याला तिकडे काही अधिकार नव्हता, आणि रजेचा एकच दिवस उरला होता. दोन दिवस आधी निघाले असते तर ती पुसेगावातच सापडली असती. ते दोन दिवस कुठे गेले हे मला माहीत होतं. एक सकाळ पेठेत खोटं सांगण्यात गेली होती, बाकीचा वेळ गोदासमोर जायचा धीर गोळा करण्यात. मी पुसेगावातली टोचायची राहिलेली लेकरं टोचली, कारण लस परत नेण्यात अर्थ नव्हता, आणि हिंगोलीला परत आले. रजिस्टरात चाळीस ओळींपुढे नवी तारीख घातली. एकेचाळिसावी ओळ होती तशी राहिली.

पुढची वर्षं सर्वांना माहीत आहेत, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या धामधुमीत अनेक घरं वऱ्हाडात निघून गेली. माझ्या रजिस्टरातली पानंच्या पानं ओस पडली. मग पोलीस ॲक्शन झाली, गेलेले परत येऊ लागले, आणि त्याच दिवसांत दुसरे काही निघून गेले. जमादारीणबीबींच्या दाराला कुलूप दिसलं. मी दोन ठिकाणी चौकशी केली, दोन वेगळी उत्तरं मिळाली. चाँदचाचांनी पखाल टाकली नव्हती. बारवेवर उतरताना फक्त इकडेतिकडे पाहून उतरायचे, तसं पूर्वी करत नसत.

त्या हिवाळ्यात मला शाळेच्या पडवीत टोचायला बसवलं. रांगा लागल्या होत्या. परतून आलेल्या लोकांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं, त्यांनी वाटेत देवी पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एक बाई पुढे आली. कडेवर वर्षाचा मुलगा, हाताला पाच-सहा वर्षांची पोरगी. पोरीचं तोंड खळग्यांनी भरलेलं, एक डोळा पांढरा. बाईच्या कमरेला छिन्नी होती.

“वळखलं का, बाई?” गोदा म्हणाली. “ही सोनी. तुमीच टोचलेली. रिसोडाला तिला लई देवी आल्या. लोक म्हणले, टोचलेलं लेकरू हाय म्हणून जीव ऱ्हायला, न्हाई तर गेलंच असतं. तुमचं नाव घेत व्हते मी, बाई. रोज घेत व्हते.”

रांगेतल्या बाया कौतुकानं माझ्याकडे पाहत होत्या. मी हातातलं नस्तर ताटलीत ठेवलं.

“गोदा, त्या वेळची लस मेलेली होती. उन्हानं. मी आठव्या दिवशी बघायला आले नाही. आले असते तर कळलं असतं. तुला शोधत पुसेगावपर्यंत आले होते. उशीर झाला होता.”

तिनं सोनीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. छिन्नीवर अंगठा फिरवत उभी राहिली. मागची बाई म्हणाली, चला की पुढं. गोदा हलली नाही.

“मंग मी उगंच नाव घेत व्हते,” ती म्हणाली.

“हो.”

तिनं कडेवरचा मुलगा पुढे केला, पण हात सोडला नाही. “ही आत्ता आणलेली. ही जित्ती हाय का?”

“आहे.”

“कशावरून?”

“आज नाही सांगता येत. आठव्या दिवशी दिसेल. मी येऊन बघते.”

“तव्हाबी आठवा दिवस व्हता,” ती म्हणाली. मग हात सोडला. मी टोचलं. मुलगा रडला. सोनी त्याच्या तोंडापुढे हात हलवून त्याला हसवू लागली.

पत्ता विचारला. गोदानं विचार न करता सांगितलं, “चिंचेखाली.”

मी लिहिला.

आठव्या दिवशी इतर कुठेही जाण्याआधी मी बारवेवर गेले. बुंध्याला लागून पाल होतं, वर गोणपाटाची सावली केलेली. बुंध्यावर एक जातं उपडं ठेवून गोदा टाकी लावत होती. मला पाहून तिनं हात थांबवला नाही, फक्त मानेनं मुलाकडे दाखवलं. मी खाली बसले, बाही वर केली. पुळी टपोरी होती, मध्ये खळगा, कडा लालसर. पाहिजे तशी.

“आली,” मी म्हटलं.

गोदानं हातोडी ठेवली, जवळ येऊन पाहिलं, सोनीलाही बोलावून पाहायला लावलं. “बग, अशी येती,” एवढंच म्हणाली, आणि परत कामाला बसली. मला बसा म्हणाली नाही. मी तशीच निघाले.

घरी येऊन जुनं रजिस्टर काढलं. वरच्या कचेरीत गेलेल्या तक्त्यात सोनी कामयाबच राहणार, त्याला माझा इलाज नव्हता. माझ्या प्रतीत मी तो शब्द खोडला आणि ‘नाकाम’ लिहिलं. खाली सही केली. पत्ता तसाच ठेवला. तो बरोबर होता.